भिंतीतले पाइप

उदयने मेहुण्याची कॉलर धरली आणि त्याला बाथरूमच्या भिंतीवर असं आदळलं की वाल्मिकचा ओठ फुटला. कालच बसवलेल्या पांढऱ्या टाइल्सवर रक्त ओघळलं.

"खरं सांग, किती पाइप बदललेस?"

"सगळे. सगळे सडले होते, दाजी. भिंत उघडली तेव्हाच फोटो पाठवले ना तुम्हाला."

"फोटो काय, कुणाच्याही घरातला पाठवता येतो!"

पंचशीला दारात उभी होती. मीरा रोडचं हे जुनं घर दुरुस्तीला काढलं तेव्हा तिनेच आपल्या धाकट्या भावाला बोलावलं होतं. वाल्मिक गवंडीकामात मुरलेला, शिवाय घरचाच माणूस, म्हणून कुणी भाव ठरवला नाही. ताईच्या घरची मजुरी मी घेणार नाही, सामानाचं तेवढं द्या, असं तो म्हणाला आणि तिथेच सगळं फिसकटलं. परका कंत्राटदार असता तर उदयने घासाघीस केली असती आणि खुशाल झोपला असता. फुकट राबणाऱ्या माणसावर मात्र त्याचा विश्वास बसेना. भिंतीतून सडके पाइप निघाले आणि खर्च दुपटीवर गेला, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. मजुरी अशी पाइपातून वसूल होतेय.

"फुकट कोण राबतं रे?" उदयने मूठ उगारली.

वाल्मिकने ती हवेतच पकडली. विटा उचलून कडक झालेला पंजा तो. मनात आणलं असतं तर मनगट पिरगाळायला त्याला वेळ लागला नसता. त्याने नुसतं धरून ठेवलं.

"हात मलाबी उचलता येतो, दाजी. ताईचं घर आहे म्हणून गप आहे."

"ताईचं घर? हप्ते कोण भरतं?" उदयने मनगट सोडवून सिमेंटच्या घमेल्याला लाथ घातली. घमेलं खडखडत पंचशीलाच्या पायाशी येऊन थांबलं.

पंचशीलाच्या डोक्यात तिडीक गेली. तुझा भाऊ चोर आहे, हे ती जेवताना, झोपताना ऐकत आली होती आणि दर वेळी भावाची बाजू घेऊन भांडत आली होती. पण अलीकडे भांडताना तिचा आवाज पूर्वीसारखा लागत नव्हता. वाल्मिकने मध्येच नवा मोबाइल घेतला होता, तो तिच्या डोळ्यांत खुपला होता. नवऱ्याचा राग येत होताच, त्याहून जास्त राग तिला स्वतःचा येत होता.

तिने वाल्मिकच्या गोणपाटातून हातोडा उपसला.

"बाजूला व्हा दोघं. एकदाच काय ते बघू."

वाल्मिकने टाइल्सवर पंजा ठेवला. "ताई, नको. भिंत उघडी होती तेव्हा, येऊन बघून जा म्हणून तुला फोन केला होता. काय म्हणालीस तू?"

"हात काढ."

"तू आहेस ना, मला काय बघायचंय, म्हणालीस."

"हात काढ वाल्मिक, नाहीतर हातासकट फोडीन!"

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि हात काढला.

पहिल्या घावाला टाइल तडकली, दुसऱ्याला खाली आली. तिसऱ्या घावाला एक कपची उडून पंचशीलाच्या भुवईत घुसली. रक्त डोळ्यात उतरलं तरी ती थांबली नाही. खालच्या मजल्यावरून ममताबेन खिडकीतून ओरडत होत्या, "अरे, दोपहर को तोडफोड बंद है ना! मेरा छत गिराओगे क्या?" सिमेंटचा थर गळून पडला आणि आत पाइप दिसला. पांढरा, कोरा करकरीत, जोडावर चिकटवायच्या सोल्यूशनचा डाग असलेला.

पंचशीलाने श्वास सोडला.

"वरचाच बदलला असेल," उदय म्हणाला. "खाली बघ."

ती वाकून खाली मारू लागली. तिथेही नवा. "गीझरकडे," उदय म्हणाला. तिथेही नवा. मग उदय दाराकडे सरकला, तरी तिचा हातोडा चालूच राहिला, कारण आता तिलाच बघायचं होतं. कोपऱ्यापर्यंत, नळापर्यंत, पार फरशीपर्यंत. भिंत सोलून निघाली. दंड भरून आले, श्वास लागला, आणि फोडायला काही उरलं नाही तेव्हा कुठे ती थांबली. एकही जुना पाइप निघाला नव्हता.

धूळ खाली बसली. उदयने शर्ट झटकला, खाकरला.

"बरं, झालं ते झालं. राग मानू नकोस," तो वाल्मिकला म्हणाला. "या टाइल्स परत लावायच्या तर किती होतील?"

वाल्मिक खाली बसला. त्याने ढिगाऱ्यातून आपली थापी शोधून काढली, पँटला पुसली. मग ओळंबा, मग पाण्याची लेव्हल, एकेक वस्तू गोणपाटात गेली. उदयने ओठ फोडला तेव्हासुद्धा त्याचा चेहरा असा झाला नव्हता. पंचशीलाला रडू फुटलं.

"वाल्मिक, चुकलं रे माझं. थांब ना."

तिने हातोडा पुढे केला. दांड्याला भुवईचं रक्त लागलं होतं. वाल्मिकने गोणपाट खांद्यावर टाकलं. हातोड्याकडे त्याने पाहिलंही नाही.

"राहू दे तुझ्याकडंच, ताई," तो म्हणाला. "स्वयंपाकघराची भिंतबी मीच बांधलीय."