भाऊबीजेची खुंटी

ओवाळून झाल्यावर दादाने मृदुलाच्या तबकात खोकं ठेवलं. आत गिटार भिंतीला टांगायची पितळी खुंटी निघाली.

“आमवाताने बोटं वाकडी झाली तुझी. आता पुरे. हॉलमध्ये शोभून दिसेल,” दादा मायेने म्हणाला. गेल्या दिवाळीला त्याने शेकायची पिशवी दिली होती. यंदा थेट तेराव्याचीच सोय केली.

“दादा, तुझे गुडघे बदलले तेव्हा तुझे बूट नाही टांगले आम्ही भिंतीला.”

वहिनी पदराआड हसली. मृदुलाने गिटार मांडीवर घेतली. तीन बोटांचा कॉर्ड दोनच बोटांत धरायला ती आठ महिने शिकत होती. पहिल्याच फटक्याला तार खरखरली.

“बघ, चुकलीस.”

“हो ना. टांगलेली गिटार कधी चुकत नाही,” म्हणत तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.