मोठी अक्षरं

चेन्नईच्या एका कंपनीत मी टीव्हीवरच्या अ‍ॅपचे मेनू बनवते. मदुराईला अम्माची नजर मधुमेहानं अधू होऊ लागली, तेव्हापासून साहेबांच्या मागे लागले होते, "अक्षरं मोठी करू या, काळ्यावरचा राखाडी रंग बदलू या." "सेल्वी, सगळा देखणेपणा जाईल," म्हणत त्यांनी दोन वर्षं काढली. अम्मा फोनवर म्हणायची, "नावं वाचता येत नाहीत गं. बोट पडेल ते बघते." अखेर मंजुरी मिळाली. नवा मेनू सुरू झाला त्या शनिवारी मी घरी गेले, अम्माला टीव्हीसमोर बसवलं. "आता बघ हं, अक्षरं केवढी झालीत!" रिमोट शोधत मी म्हणाले. पडद्याकडे तोंड करून ती हसली. "छान दिसतात गं, कण्णू! साहेबांना माझा नमस्कार सांग." टीव्ही मी अजून लावलाच नव्हता. रिमोट हाती आला, पण बटण काही दाबवेना.