आपलीच माणसं

सकाळपासून मगदूम सर एकच प्रश्न विचारत होते, "पण हा चोर आत शिरला कुठून?"

सांगलीतल्या त्यांच्या छोट्या कंपनीच्या सर्व्हरवर शेकडो गिऱ्हाइकांच्या वेबसाइट होत्या. कुठल्याशा हॅकरने त्या सगळ्यांना कुलूप घातलं होतं आणि उघडायचे पैसे मागितले होते. सरांनी सर्व्हर-रूमचं दार पुन्हा पुन्हा हलवून पाहिलं, वॉचमनला झापलं. दाराचं कुलूप तर धड होतं! तिकडे एका पॅथॉलॉजी लॅबचा फोन थांबत नव्हता. पेशंटचे रिपोर्ट अडकले होते.

शेवटी त्यांनी रेवतीला पुण्याला फोन लावला. सगळी सिस्टिम तिनेच बसवली होती. तिला तिकडे मोठी नोकरी लागली, तेव्हा सरांनी शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला होता आणि दाराची किल्ली तेवढी आठवणीने परत घेतली होती.

"थांबा सर, इथूनच बघते," ती म्हणाली. जरा वेळाने चाचरतच म्हणाली, "मी आत आलेय. माझा जुनाच पासवर्ड चालला."

"देव पावला!" सरांना हायसं वाटलं. "अगं, मी बंद केलाच नव्हता. तू घरचीच."

तिने हळूच विचारलं, "सर, माझ्यानंतर जे जे सोडून गेले, त्यांचे पासवर्ड?"

"सगळ्यांचे चालू आहेत की," सर अभिमानाने म्हणाले. "आपलीच माणसं ती. पण ते राहू दे. हा मेला आत शिरला कुठून, तेवढं सांग."