एकच मेणबत्ती

मेणबत्ती विझली आणि बशीतलं पाणी उपड्या ग्लासात चढलं. "ऑक्सिजन जळून संपला म्हणून. लिहून घ्या," प्रशिक्षक म्हणाले. त्यांच्या मागे फलक होता: ‘प्रश्न विचारणारी मुलं घडवूया.’ आम्ही साठ विज्ञानशिक्षकांनी निमूटपणे लिहून घेतलं.

मला राहवलं नाही. "सर, माझ्या मुलांनी दोन मेणबत्त्या लावल्या, तर पाणी जास्त चढलं. ग्लासातला ऑक्सिजन तर तेवढाच होता ना?"

"मॅडम, मार्गदर्शिकेत मेणबत्ती एकच आहे."

सगळे हसले. मी खाली बसले.

चहाच्या सुट्टीत मात्र प्रशिक्षक दोन मेणबत्त्या घेऊन मला शोधत व्हरांड्यात आले. ग्लास उपडा घालताच काठाखालून बुडबुडे सुटले आणि पाणी मघापेक्षा बोटभर जास्त चढलं. "अहो, तापलेली हवाच बाहेर पळतेय की!" ते म्हणाले. चहा गार झाला तरी त्यांनी प्रयोग तीनदा केला.

संध्याकाळी चाचणीत पहिलाच प्रश्न होता: पाणी का चढलं? मी लिहिलं, ‘तापलेली हवा बाहेर गेली, उरलेली गार होऊन आकसली.’

सरांनी माझ्यासमोरच पेपर तपासला. उत्तरसूचीत उत्तर एकच होतं. माझ्याकडे न बघता त्यांनी फुली मारली.