बाबांचा फोरहँड

चीनमधल्या वूशी शहरातल्या कापडगिरणीच्या आवारात, सिमेंटच्या टेबलावर, बाबांनी छ्यूलानला टेबल टेनिसचा पहिला फोरहँड शिकवला होता. पुढे राष्ट्रीय संघात तिच्या वाट्याला एकच काम आलं: परदेशी खेळाडूंची हुबेहूब नक्कल करून आपल्या विजेत्यांना सराव द्यायचा. तारुण्य त्यातच सरलं.

ती घरी परतली, तेव्हा थकलेल्या बाबांनी मुद्दाम बॅट उचलली. "चल पोरी, मी शिकवलेला मार."

तिनं मारला.

"हा त्या जपानी बाईचा! टीव्हीवर बघतो की मी."

तिनं पुन्हा मारला.

"हा जर्मनीवालीचा. अगं, उसना नको, आपला मार!"

लहानपणी तिच्या कोपराला धरून हात वळवणारे बाबा आठवत छ्यूलाननं जीव ओतून तिसरा मारला.

बाबांनी चेंडू हातात झेलला.

"हा छान होता गं. हा कुणाचा?"