डोंगराचं मत

कारकुनानं पहिलं नाव पुकारलं आणि चिआ बून ग्वान दचकून सरळ बसला. नाव त्याचंच होतं.

त्याचा अंदाज साफ चुकला होता. त्याला वाटलं होतं, मतं थोरांपासून घेत येतील. आधी ओंग काका, मग तो गोरा मर्चिसन शेठ, मग बाकीचे व्यापारी, आणि सगळ्यांत शेवटी आपण, त्यांच्यामागे मान डोलावून मोकळे. पण सिंगापूरच्या या सभेत नव्यातल्या नव्या सभासदानं आधी मत द्यायचं आणि गव्हर्नरसाहेबांनी शेवटी. थोरांच्या भिडेपोटी धाकट्यानं मत बदलू नये म्हणून हा नियम. हेतू चांगलाच असणार, पण धाकट्याला घाम फुटायचा तो फुटतोच. बून ग्वानला हे ठाऊक नव्हतं, कारण तो आल्यापासून इथं मतं मोजायची वेळच आली नव्हती. सगळं एका सुरात मंजूर व्हायचं आणि मग चहा यायचा. आज मात्र साहेबांना लंडनला दाखवायला एकेकाचं मत नावानिशी हवं होतं.

निकाल काय तो सगळ्यांना आधीच माहीत होता. सभेतली अर्धी माणसं सरकारी अधिकारी, त्यांनी सरकारलाच मत द्यायचं. उरलेली अर्धी गावातली प्रतिष्ठित मंडळी, त्यांनाही साहेबांनीच निवडून खुर्च्या दिलेल्या. दोन्ही बाजू सारख्या झाल्याच तर साहेबांचं स्वतःचं मत होतंच.

"भाषणात हवं ते बोल," ओंग काकांनी काल त्याला बजावलं होतं. "मत मात्र मुकाट्यानं सरकारला दे. पुढल्या महिन्यात तुझी मुदत संपते. पुन्हा नेमायचं की नाही, ते साहेबांच्या हातात."

बंदराच्या धक्क्याला दगड हवा होता आणि तो चिनी लोकांच्या कबरींच्या डोंगरात होता. डोंगर फोडायचा, कबरी दुसरीकडे हलवायच्या, एवढंच विधेयक. त्या डोंगरावर बून ग्वानचे वडील होते. त्यांच्या दगडावर त्यांच्या नावाशेजारी आईचंही नाव कोरलेलं होतं, ती हयात असल्यामुळे लाल रंगात. दरवर्षी कबर साफ करायला गेली की आपल्या नावावर लाल रंगाचा हात ती स्वतःच फिरवायची आणि मागं सरून, तिरकी मान करून बघायची, छान दिसतं का म्हणून.

आज ती वर सज्जात येऊन बसली होती. अंगात रेशमी केबाया, अंबाड्यात सोन्याच्या काड्या, गालात विडा. इंग्रजीचं एक अक्षर तिला कळत नव्हतं. सकाळी अंबाडा घालताना तिनं एवढंच ऐकवलं होतं, "तू खुर्चीवर बस नाहीतर जमिनीवर बस. मी त्या डोंगरावरच झोपणार."

बून ग्वाननं वर पाहिलं. आई छताचा पंखा न्याहाळत होती.

"नाही," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं," कारकून म्हणाला.

"नाही!" हे मात्र एवढ्या जोरात आलं की दारावरच्या शिपायानं आत डोकावून पाहिलं.

बून ग्वानचे कान तापले होते, पण आतून त्याला कसं मोकळं मोकळं वाटत होतं. पुढचं नाव पुकारलं गेलं. "नाही." त्याच्या पुढचं. "नाही." मर्चिसन शेठनंही पाइप खिशात ठेवत सावकाश "नाही" म्हटलं. मग ओंग काकांची पाळी आली. बून ग्वानकडे डोळे वटारून ते मलयमध्ये पुटपुटले, "गाढवा, आता होय म्हटलं तर मी बाजारात कुठल्या तोंडानं फिरू?" आणि घसा खाकरून इंग्रजीत म्हणाले, "नाही."

मग अधिकारी. होय, होय, होय. पगारच त्याचा होता.

शेवटचं मत देऊन साहेबांनी विधेयक तारलं खरं. पण कारकुनानं वाचून दाखवलेल्या "नाही"च्या यादीत एकूण एक नाव त्यांनी स्वतःच्या हातानं निवडलेलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुढचा विचार पुढच्या अधिवेशनात, असं म्हणून ते उठले.

"पुढच्या अधिवेशनात म्हणजे बासनात," जिना उतरताना ओंग काका म्हणाले. "आपलीच माणसं एकजात उलटली, असं लंडनला कोण कळवतंय? डोंगर वाचला बघ. तुझं काही खरं नाही, पण डोंगर वाचला." आणि त्यांनी बून ग्वानच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला.

आई पायऱ्यांवर थांबली होती.

"जिंकलास का रे?"

"हरलो, आई. पण डोंगराला आता कुणी हात लावणार नाही."

"आणि तुझी खुर्ची?"

"ती गेलीच म्हणायची. पुढल्या महिन्यात दुसरा कुणीतरी बसेल."

आईनं विडा या गालातून त्या गालात घेतला. लेकाचा वाकडा झालेला टाय ओढून सरळ केला. मग ती रिक्षात बसली आणि त्याला जागा करून द्यायला सरकली.

"डोंगरावरून जाऊ," ती म्हणाली. "तुझ्या बाबांच्या पायाशी एक जागा आहे, सावलीची. तुझ्यासाठी आजच सांगून ठेवते. तिथून तुला कुणी ऊठ म्हणणार नाही."