आधी खो की आधी अरुणा

अण्णासाहेबांनी पाच फोटो गच्चीच्या कठड्यावर ओळीने मांडले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक खडा ठेवला. कुमुदने शेवटच्या फोटोकडे हात नेला.

"पहिल्यापासून," ते म्हणाले. "गोष्ट कधी शेवटाकडून वाचतात का?"

अरुणा फोटोंकडे बघतच नव्हती.

काल दुपारी आर. के. पुरमच्या मैदानावर सगळी कॉलनी हसली होती. या निवृत्त मास्तरांनी शेजाऱ्यांकडून डबा-कॅमेरे मागून आणले, विटांवर ओळीने ठेवले आणि प्रत्येकाच्या खटक्याला काळा दोरा बांधून तो कुमुदच्या वाटेत आडवा ताणला. कुमुद खो द्यायला धावत आली. दोरे तटातट तुटले, कॅमेरे एकामागून एक वाजले. पाठमोरी बसलेली अरुणा खो मिळताच उठली.

मिळताच की मिळण्याआधी, एवढंच ठरायचं होतं. मागच्या दोन्ही सामन्यांत पंचांनी तिचे फाउल धरले होते. आज दुपारी चारला अंतिम सामना, आणि कर्णधार कुमुदला संघात लबाड मुलगी नको होती.

"हे बघा, अण्णा." कुमुदने चौथ्या फोटोवर बोट ठेवलं. "माझा हात अजून वीतभर लांब आहे आणि ही बाई निघालीसुद्धा."

अरुणाने पाहिलं. खरंच, ती अर्धी उठली होती. आपण खो लागल्यावरच उठतो, असं ती शपथेवर सांगणार होती.

"अच्छा. अरुणा आधी उठते, हे ठरलं," अण्णासाहेब शांतपणे म्हणाले. "आता का उठते ते शोधा. आणि फोटोत नुसती माणसंच बघायची, असं काही नाही."

दोघी वाकल्या. अण्णासाहेब शेंगा सोलत बसले.

दुसऱ्या फोटोत अरुणाच्या पुढची जमीन कोरी होती. तिसऱ्यात तिथे काहीतरी काळं होतं. चौथ्यात त्याला बोटं फुटली होती.

"हा माझा हात आहे," कुमुद म्हणाली.

"हात नाही, सावली," अरुणा म्हणाली. "ऊन पाठीमागून होतं. तू मागे असतेस आणि तुझी सावली आधीच माझ्यापुढे येते, ती दिसली की मी उठते. सकाळी ऊन समोरून असतं, म्हणूनच सकाळच्या प्रॅक्टिसला माझा कधी फाउल होत नाही."

कुमुदने कान खाजवला. "म्हणजे लबाडी नव्हती यार."

"फाउल तर होताच."

"बिल्कुल होता," अण्णासाहेब म्हणाले. "मग आता?"

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी शेंगांची बशी पुढे सरकवली.

चार वाजता संघ मैदानात उतरला. मुली एकआड एक तोंड फिरवून आपापल्या चौकात बसू लागल्या. अरुणा नेहमीच्या चौकापर्यंत गेली, थांबली, शेजारच्या लताला तिने खांद्याला धरून उठवलं. लताने कुमुदकडे पाहिलं. कुमुदने नुसती होकारार्थी मान हलवली.

अरुणा लताच्या जागी बसली, मावळतीकडे तोंड करून. ऊन थेट डोळ्यांत येत होतं. तिने डोळे किलकिले केले आणि पाठ ताठ केली.